फाटकावरची फुली

सोनटक्के काका आमच्याकडे आले की आधी शेरूला, म्हणजे आमच्या कुत्र्याला भेटत, मग माणसांना. त्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून डोळा बघत आणि खिशातल्या खडूने आमच्या फाटकावर बरोबरची खूण करत. फॅक्टरीत तोफगोळे तपासायची नोकरी होती त्यांची. पास मालावर खूण, नापास मालावर फुली. आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या प्रत्येक कुत्र्याचा निकाल असा मालकाच्या फाटकावर लागलेला असे.

एकाहत्तरच्या लढाईत फॅक्टरी दुप्पट चालली होती. तशात एका रविवारी सकाळी आमच्या फाटकावर भलीमोठी फुली पडली. शेरू डावा डोळा मिटून पंजाने चोळत होता आणि आईने त्यात स्वतःचे डोळ्यांचे औषध घातले होते.

"काहून टाकलं, वहिनी? माणसाची दवा कुत्र्याले?" काका कडाडले. "डोळा मिटून राहिला म्हणजे दुखून राहिला. चोळू देऊ नका, अन् आजच डॉक्टर. कल देखेंगे म्हणाल तर डोळा जाईल."

"तसा ठीक दिसतोय," आई पुटपुटली.

"आपला माल आपण पास करत नसतात!" हे त्यांचे ब्रह्मवाक्य.

शेरूला मांडीवर घेऊन काकाच रिक्षाने सदर भागातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. बुबुळावर ओरखडा निघाला. औषधे तीन आठवडे चालली. मग काकांनी अंगणात परीक्षा घेतली. शेरूचा चांगला डोळा हाताने झाकला आणि डाव्या बाजूने कापूस सोडला. "याचा ना आवाज, ना वास. मान वळली तर दिसून राहिलं समजा." शेरूची मान वळली. काका लहान पोरासारखे नाचले.

काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी हळूच काकांच्या उजव्या कानाजवळून कापूस सोडला. काका ढिम्म. दुसरा सोडला, तो शेरूने झेलला. आम्ही खो खो हसलो. काकूंनी खडू घेऊन त्यांच्या बाहीवर फुली मारली. "महिन्याभरापासून चहा कपाबाहेर ओतून राहिले. म्हणे ब्लॅकआउट! अन् सकाळी आठ वाजता कोणता ब्लॅकआउट असते जी?"

काका हसले नाहीत. "अन् गोळे?" ते हळूच म्हणाले. "याच डोळ्याने पास केले ना मी."

दुसऱ्या दिवशी तोच सदरा घालून ते साहेबांपुढे उभे राहिले. मला कामावरून काढा, पण माझा माल पुन्हा तपासा, म्हणाले. तपासणी आठ दिवस चालली. ते आठ दिवस काका कोणाच्याही फाटकाशी फिरकले नाहीत. मला त्यांची फार दया आली. सगळे गोळे चोख निघाले.

मोतीबिंदू काढल्यावर जाड चष्मा लावून ते आले. काकूंनी कापूस सोडला आणि तो शेरूच्या आधी काकांनी झेलला. मग ऐटीत खडू काढून त्यांनी स्वतःच्या बाहीकडे हात नेला.

काकूंनी खडू काढून घेतला. "आपला माल आपण पास करत नसतात," म्हणाल्या, आणि बरोबरची खूण त्यांनीच केली.