बाबांच्या गळ्यातली लेन्स

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, आणि ती खोटी आहे. खरी कुठली, ते मी बायकोला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, कुणालाच नाही. तुम्ही बाबांना ओळखत नव्हता — कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल.

आधी लेन्सचं सांगतो, ते सोपं आहे. मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. रविवारी उजाडायच्या आत मांजरी गावाच्या पुढे नदीकाठी जाऊन बसायचं, आणि हातातली लेन्स तोकडी पडली म्हणून हळहळत परत यायचं. लांब पल्ल्याची एक लेन्स मनात भरली होती. तिची किंमत मी देशोदेशी बघत असे — पुणे, दुबई, सिंगापूर, जपान. कारखाना एक, काच तीच, खोकंही तेच, आणि भाव मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. आपल्याकडे आयात शुल्क, आणि त्याच्यावर जीएसटी. शनिवार पेठेत आमच्या घराजवळ कॅमेऱ्यांचं दुकान आहे, तिथले मालक एकदा म्हणाले, "अहो, तुम्ही रोज येऊन भाव विचारलात म्हणून सरकार कर कमी करत नाही." त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही.

आई गेल्यानंतर बाबांना घेऊन बहिणीकडे सिंगापूरला गेलो. बाबा विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. लक्ष्मी रोडवर साडी घेताना दुकानदार हळूच म्हणायचा, बिल नको असेल तर कमी करून देतो. बाबा म्हणायचे, "कमी नको. बिल द्या." आई पदराने कपाळ टिपत दुसरीकडे बघायची. घरात आम्ही त्यांची थट्टा करायचो — पण बाहेर कुणी त्यांचं नाव काढलं की माझी मान ताठ व्हायची. हे मुद्दाम सांगतोय. पुढे मी काय केलं ते कळायला हे लागेल.

बहिणीकडे जेवताना लेन्सचा विषय निघाला. मेहुणे म्हणाले, इथे घ्या, परत जाताना विमानतळावर इथला कर परत मिळतो. बाबा भात कालवता कालवता म्हणाले, "तो परत देतात, कारण माल इथे वापरला जाणार नाही. जिथे वापरायचा तिथे भरायचा. म्हणजे आपल्याकडे उतरल्यावर सांगायचं आणि भरायचं. सरळ आहे." तो कर धरून हिशेब केला तर फायदा फारसा उरत नव्हता. मी म्हणालो, मग नकोच घ्यायला.

दुसऱ्या दिवशी जाऊन घेतली.

निघताना विमानतळावर, बाबा कॉफी पीत बसले होते तेव्हा, तिथला कर परत घेतला. खोकं, कागद, पिशव्या, सगळं तिथेच टाकलं. लेन्स कॅमेऱ्याला लावली. वापरातली वस्तू कुणी तपासत नाही, असं आमच्या पक्षीवाल्यांच्या गटात सगळे सांगायचे. आणि म्हाताऱ्या माणसाला तर कोणीच अडवत नाही — हे मात्र मला कुणी सांगितलेलं नव्हतं. हे माझं मलाच सुचलं.

"बाबा, जरा धराल का? माझ्या पाठीवर सॅक आहे."

ते म्हणाले, "मोठी दिसतेय रे लेन्स." मी म्हणालो, मित्राची आहे, पुण्याहूनच आणलीय, इतके दिवस बॅगेत होती. "असं का," म्हणाले, आणि पट्टा स्वतःच गळ्यात घातला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. मुलगा सांगतोय, तर कशाला विचारतील?

पुण्याला लोहगाव विमानतळावर दुपारी उतरलो. सामानाची ट्रॉली घेऊन मी पुढे निघालो. मागे बघितलं तर कस्टमच्या एका तरुण अधिकाऱ्याने बाबांना थांबवलं होतं. लेन्स नवी दिसते, कुठून घेतली, असं तो अदबीनेच विचारत होता. बाबा — आणि हे मी अजून विसरलेलो नाही — हसले. आपल्याच खात्यातला पोरगा भेटल्यासारखे. म्हणाले, "नाही हो, पुण्याहूनच नेलेली आहे. मुलाच्या मित्राची."

त्या अधिकाऱ्याने लेन्सचं पुढचं टोपण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला सिंगापूरच्या दुकानाचं छोटंसं स्टिकर होतं. सगळं काढलं होतं मी, तेवढं राहिलं होतं.

बाबांनी स्टिकर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दहा-बारा पावलांवर होतो. नुसतं परत वळायचं होतं. "माझी आहे" — दोनच शब्द. काय झालं असतं? कर भरला असता, दंड झाला असता. तुरुंगात थोडंच टाकणार होते?

मी खिशातून फोन काढून कानाला लावला. फोन कुणाचाच नव्हता. तरी मी "हो, हो, उतरलो" म्हणालो. मोठ्याने. त्यांना ऐकू जावं म्हणून.

बाबा अधिकाऱ्याकडे वळले. "मीच घेतली," म्हणाले. "भरतो काय असेल ते."

"आत्ता तर पुण्याहून नेली म्हणालात?"

"खोटं बोललो."

"काका, या वयात?" त्याने विचारलं. बाबांनी मान खाली घातली. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडलेला माणूस. तुम्ही काय केलं असतं, असं मी विचारणार नाही. मी काय केलं ते सांगितलं — फोन कानाला लावून उभा राहिलो, ते कार्ड काढून पैसे भरेपर्यंत.

टॅक्सी येरवड्याला आली. बाबा म्हणाले, "पट्टा काढ रे, मानेला लागतोय."

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण बायकोने पावती बघून विचारलं, बाबांनी कसले एवढे पैसे भरले? मी म्हणालो, त्यांनीच मला न सांगता लेन्स घेतली, माझ्यासाठी, आणि गुपचूप आणायला गेले. बाबा आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. ते बाहेर आले नाहीत.

मग दिवाळीत चुलतभावांना सांगितलं, चांगली रंगवून. विक्रीकरवाला कस्टममध्ये सापडला! सगळे पोट धरून हसले, बाबाही हसले. हे हसणं मी त्यांची परवानगी समजलो — किंवा समजायचं ठरवलं. चुलतभावाने पुढे कुठेतरी सांगितलं, आणि गोष्ट बाबांच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर पोचली. तिथे त्यांच्याच खात्यातले निवृत्त लोक बसायचे. "या साहेब, आज काय आणलंत लपवून?" असं रोज सुरू झालं. थोड्या दिवसांनी बाबांनी कट्ट्यावर जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले. सकाळी नदीपर्यंत मात्र चालत जायचे.

एकदाही त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? माहीत नाही. नसतं सांगितलं, बहुतेक.

बाबा गेल्या वर्षी गेले. भिंतीवरचा फोटो मी काढलेला आहे, त्याच लेन्सने, लांबून. त्यांना कळू न देता. खिडकीशी बसलेत, बाहेर बघतायत. फार छान आलाय, असं सगळे म्हणतात.

भेटायला कट्ट्यावरचे देशपांडेकाका आले होते. एके काळी बाबांच्या हाताखाली होते. बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. डोळे पुसून म्हणाले, "असा सरळ माणूस खात्यात दुसरा नव्हता. तेवढा एकदाच मोह झाला बिचाऱ्याला."

खोलीत सगळे होते. बायको, बहीण, चुलतभाऊ.

मी म्हणालो, "हो."