खाली घेतलेला हात

बी.एड.च्या शेवटच्या वर्षी वार्षिक पाठ असतो. बाहेरचे परीक्षक येऊन वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि तुम्ही शिक्षिका व्हायच्या लायकीच्या आहात की नाही, हे एका तासात ठरवतात.

आमचं घर जतकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. सांगलीला बी.एस्सी. केलं, प्रवेश परीक्षा दिली, बी.एड.ला साताऱ्यात आले. सहावी ते आठवीला शिकवायला लागते ती टीईटी परीक्षाही दुसऱ्या खेपेला पास झाले होते. राहिला होता हा एक पाठ. आदल्या संध्याकाळी चुलत्यांचा फोन आला. "पावनं दोनदा येऊन गेल्यात. यंदा पास झालीस तर बघू नोकरीचं. न्हाईतर आमी व्हय म्हणून टाकणार." वडील शेजारीच असणार, पण त्यांनी फोन हातात घेतला नाही. मला त्यांचाच जास्त राग आला.

सरावासाठी मला साताऱ्याजवळच्या एका गावातली सातवी मिळाली होती. विषय होता उष्णतेचं वहन. आमच्याकडे वार्षिक पाठ नाटकासारखा बसवतात. आठ दिवस तोच पाठ, तेच प्रश्न. पहिल्या प्रश्नाला खिडकीजवळच्या मुलाने उभं राहायचं, दुसऱ्याला वेणीवालीने. सगळे जण असंच करतात आणि परीक्षकांनीही आपल्या काळी हेच केलेलं असतं. आमच्या मार्गदर्शक बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "कच्ची मुलं त्या दिवशी वर्गात नकोत. गोड बोलून सांग."

वर्गात एकच मुलगी अडखळत वाचायची. तिची आई शाळेत खिचडी शिजवायची. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "उद्या नाही आलीस तरी चालेल हं." तिने मान हलवली. लहानपणी तपासणीच्या दिवशी आमच्या गुरुजींनी मलाही असंच मेंढरांकडे पिटाळलं होतं. हे मला तेव्हा आठवलं नाही असं म्हणायला सोयीचं आहे, पण आठवलं होतं. तरीही मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तारीख घालून वळले, तर ती तिसऱ्या बाकावर. चापूनचोपून तेल लावलेली, धुतलेला गणवेश. आई भल्या सकाळी शाळेत येते, तर पोर घरी कुणाजवळ राहणार? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. परीक्षक दारातून आत येतच होते. आता तिला उठवणं शक्य नव्हतं.

पाठ सुरू झाला. लोखंडी सळईला मेणाने टाचण्या चिकटवल्या होत्या, एका टोकाला मेणबत्ती. टाचण्या एकेक करत पडल्या. खिडकीजवळचा उठला, वेणीवाली उठली, उत्तरं घडाघडा आली. मी घड्याळ बघत होते. पाच मिनिटं उरली होती, तेवढ्यात परीक्षक जागेवरूनच म्हणाले, "मी एक विचारू? चुलीवरचं ढवळताना लोखंडी डाव हाताला चटका देतो. मग स्वयंपाक करणारी काय करते?"

हा प्रश्न आम्ही बसवला नव्हता. हुशार मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. वेणीवाली तर उभी राहून "मेण वितळले" म्हणाली आणि परीक्षकांनी पेन उचललं. आणि तिसऱ्या बाकावरून हात वर आला.

मी तो बघितला. तिची माझी नजरानजर झाली. ही अडखळली तर, भलतंच काही बोलली तर, काल काय सांगितलं ते बोलून गेली तर! मी नजर काढून घेतली आणि म्हणाले, "कुणालाच येत नाही? बरं, मी सांगते." लाकूड उष्णतेचं दुर्वाहक असतं म्हणून मूठ लाकडी असते, असं पुस्तकातलं सांगून मोकळी झाले. फळ्याकडे वळताना पाहिलं, तर हात खाली गेला होता. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. टोल पडला.

ते गेल्यावर मी व्हरांड्यात तिला गाठलं. "काय सांगणार होतीस गं?"

"आई डावाच्या दांड्याला चिंधी गुंडाळती. पर ती वाळलेलीच लागती, बाई. वली असली की लय चटका बसतो."

माझ्या पाठाच्या टाचणवहीत ओल्या चिंधीचा पत्ता नव्हता. पुस्तकातही नव्हता. वर्षभर मी जे शिकवायला शिकत होते, ते ही पोर खिचडीच्या पातेल्याजवळ शिकून आली होती.

मग तीच हळूच म्हणाली, "मी हात खाली घेतला, बाई. तुमचा पाठ बिघडला आसता. आता पास व्हाल न्हवं?"

"व्हईन की," मी म्हणाले.

झालेही. पाहुण्यांना घरच्यांनी नकार कळवला आणि आज मी सातवीलाच विज्ञान शिकवते. पण हात तिने खाली घेतला नव्हता, मी घ्यायला लावला होता. हे तिला सांगायचं मी त्या दिवशी टाळलं, आणि ती मला वाचवल्याच्या आनंदात आईकडे पळत गेली.