दोन्ही रग्बींचे फिंटन सर

श्री. फिंटन ब्रॅनिगन यांची आणि माझी पहिली भेट मैदानाच्या कडेला, भुरभुर पावसात झाली. माझी मुलगी ईशा हिच्या बुटाची नाडी बांधायला ते खाली बसले आणि त्यांना उठता येईना. मी ब्युमॉन्ट रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून तशीच आले होते. मी हात दिला. उठून ते म्हणाले, "एक गुडघा पंधरा जणांच्या रग्बीत गेला, दुसरा तेरा जणांच्या. तक्रार कुणाकडे करायची?"

सर यंदा साठ वर्षांचे होत आहेत आणि प्रशिक्षकपदही सोडत आहेत. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या कितीतरी मुली त्यांच्या हाताखाली खेळल्या, पण त्यांची कहाणी थोड्यांनाच ठाऊक आहे.

आयर्लंडमध्ये मुख्यतः पंधरा जणांची रग्बी खेळतात. तेरा जणांची उत्तर इंग्लंडात. सरांच्या तरुणपणी इकडे खेळाडूला पगार नसे, तिकडे असे. पगारासाठी जो तिकडे गेला, त्याला इकडचे दार बंद. सर गावच्या क्लबचे नावाजलेले खेळाडू. त्यांचे वडील त्याच क्लबच्या मैदानाची देखभाल करीत. सर काम करीत होते तो कारखाना बंद पडला, तेव्हा पत्नी ॲन यांना दिवस गेले होते. सर डून लेरी बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाले, पगाराची रग्बी खेळायला. वडील निरोप द्यायला आले नाहीत.

काही वर्षांनी वडील वारले. दफनानंतरचा चहा क्लबच्या इमारतीत होता. दारात सचिव उभे होते. "फिंटन, नियम आहे रे. माझा नाइलाज आहे."

सर भांडले नाहीत. मातोश्री त्यांच्यासाठी चहा घेऊन बाहेर आल्या, आणि शेवटचा पाहुणा जाईपर्यंत मायलेक गाडीतळावर उभे राहिले.

"राग नाही आला?" मी एकदा विचारले.

"रागालाही अंगात जोर लागतो. मी आदल्याच दिवशी मॅच खेळून आलो होतो."

पुढे पंधरा जणांच्या खेळातही पगार सुरू झाले, बंदी उठली. तिशी ओलांडलेले सर परत आले. क्लबच्या दुसऱ्या संघात जागा मिळाली, पण उमेदीची वर्षे मागेच राहिली होती. "तिकडे मला आयरिश म्हणायचे, इकडे तिकडचा," ते सांगतात. दोन हंगामांत खेळणे थांबले. क्लब मात्र त्यांनी सोडला नाही. त्या सचिवांची दृष्टी म्हातारपणी गेली, तेव्हा त्यांना हाताला धरून सामन्याला आणणारे सरच होते. शेजारी बसून खेळ सांगायचेही तेच.

"ते विसरले, की तुम्ही?" मी विचारले.

"दोघांनाही आठवतं. पण समोर मॅच चालू असते ना."

गेल्या वर्षी ईशा रग्बी सोडून गेलिक फुटबॉल या इथल्या देशी खेळाकडे गेली. हंगाम संपल्यावर तिला परत यायचे होते, तर समितीतल्या काहींनी नाके मुरडली. जागा काय हिच्यासाठी राखून ठेवायची? मीही रोजच्या धावपळीने कंटाळले होते. जाऊ दे म्हणाले. बैठकीत सर टेबलाला धरून उठले.

"मी फार दमलोय, म्हणून एकदाच बोलतो. परत येणाऱ्याला दारात उभं करायचं असेल, तर क्लबची किल्ली माझ्याकडून काढून घ्या."

किल्ली कुणी मागितली नाही. ईशा थँक्स म्हणाली, तर "ग्रँड, ठीक आहे. मंगळवारी वेळेवर ये," एवढेच.

आता ते खरोखरच थकले आहेत, आणि ते लपवीतही नाहीत. ॲनताई म्हणतात, लग्न झाल्यापासून एकाही शनिवारी सकाळी हा माणूस घरात नव्हता. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही आपणा सर्वांची इच्छा आहेच. मी त्यात माझी एक मिळवते: त्या आयुष्यातले पुष्कळ शनिवार त्यांना घरी मिळोत. बाहेर पाऊस असावा, फोन वाजू नये, आणि उशिरा उठल्याबद्दल त्यांनी कुणाचीही माफी मागू नये.