ट्रंकेवर मिळालेलं पदक

जनरल अपोलॉन ल्वोविचांचे बूट पाफनूतीनं तीस वर्षं पुसले होते, आणि साहेबांची सगळी कीर्ती आपल्यामुळेच आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. कुठेही निघण्याआधी शुभशकुन म्हणून सामानावर घडीभर गप्प बसायचं, ही जुनी रशियन रीत तो प्रत्यक्ष जनरललाही चुकवू देत नसे.

डोंगरातल्या त्या लढाईच्या सकाळीही त्यानं साहेबांना ट्रंकेवर बसवलं. साहेब बसले, आणि बसल्या बसल्या घोरायला लागले. त्यांना उठवायची कुणाची छाती होईना. दुपारी जाग आली, तोवर शत्रू वाट बघून कंटाळला होता आणि खिंड सोडून निघून गेला होता. राजधानीतून 'असामान्य संयमा'बद्दल पदक आलं आणि पाठोपाठ गव्हर्नरपद.

आता तर मंत्रिपदाचं बोलावणं आलं होतं. घोडागाडी दारात उभी होती.

"पाफनूती, मला राज्यकारभारातलं ओ की ठो कळत नाही रे," ट्रंकेवर टेकत साहेब पुटपुटले.

"लढाईतलं तरी कुठे कळत होतं, सरकार?" पाफनूतीनं त्यांच्या पाठीशी उशी सरकवली. "मिटा डोळे. देशाचं भलंच होईल."