चुकीच्या भावाची श्रद्धांजली

निवृत्त झाल्यापासून मला एकच काम उरलं आहे, दहाव्याला श्रद्धांजलीचं भाषण करणं. आमच्या नेवासे भागात दहाव्याला माइक असतोच, आणि माइक असला की मला फोन येतो. भाषण ठरलेलं आहे. मयताचं नाव बदलायचं, बाई असेल तर 'पित्यासमान'च्या जागी 'मातेसमान' म्हणायचं आणि मध्ये एखादी खरी गोष्ट घालायची. घरात माझं बोलणं टीव्हीच्या आवाजाखाली जातं. नदीकाठी मात्र शे-दोनशे माणसं गप्प बसून ऐकतात. ती मयतासाठी गप्प असतात, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

एकदा वस्तीवरच्या एका घराच्या भावकीतल्या कुणीतरी फोनवर एवढंच सांगितलं, "गुरुजी, म्हातारं गेलं. दहाव्याला या."

त्या घरात म्हातारे भाऊ दोन, थोरले आणि धाकटे. कोण गेलं, ते विचारायला हवं होतं. मी विचारलं, "बोलायला वेळ किती आहे?"

घाटावर फ्लेक्सवर फोटो होता. पण चष्म्यात मी म्हातारा दिसतो, म्हणून चष्मा खिशात. वयाने मोठे तेच गेले असणार, असं धरून मी माइक हातात घेतला.

"थोरले आज आपल्यात नाहीत," मी सुरू केलं. "पण दुष्काळात त्यांनी सगळ्या वस्तीला खुली केलेली विहीर आपल्यात आहे."

समोर कुणीतरी खोकलं. मला तो हुंदका वाटला. मी आवाज आणखी जड केला. थोरले किती मायाळू, किती निगर्वी, हे सांगता सांगता माझेच डोळे भरून आले.

"गुरुजी," पहिल्या रांगेतून आवाज आला, "मी हितंच हाय."

चष्मा लावला. काठीवर दोन्ही हात ठेवून थोरले माझ्याकडे बघत होते. शेजारी धाकट्यांचा मुलगा, मुंडण केलेला, मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. तो रडत नव्हता.

पिंडाला अजून कावळा शिवला नव्हता. तिकडे बघत एकजण म्हणाला, "कावळा बी थांबलाय. म्हनतोय, आधी गेलं कोन ते ठरवा."

मग कुणी हसू आवरलं नाही. मी माइक खाली ठेवायला लागलो.

"थांबा," थोरले म्हणाले. "माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोन बोललं न्हाई. त्यातलं खरं किती, तेवढं सांगा."

माइक चालूच होता. "विहीर खरी," मी म्हणालो. "बाकीचं सगळ्यांबद्दल म्हणतो."

"आमच्या आईच्या दहाव्याला बी हेच हुतं," मागून एक बाई म्हणाली. "आमी किती रडलो."

थोरल्यांनी मान हलवली. "विहीर खरी हाय ना. मंग बास." ते उठले आणि त्यांनी माइक काढून घेतला. "आता तुमी बसा. तुमच्या दहाव्याला मी आसंन, नसंन. आत्ताच बोलून घेतो."

मी पायरीवर बसलो.

"गुरुजी वर्गात झोपायचे. त्यास्नी उठवायला पोरं घंटा बडवायची. माझ्या पोराला पाढे तवा आले न्हाईत, अजून येत न्हाईत. अन् आज जित्या मानसाला पोचवून मोकळे झाले." हशा थांबेपर्यंत ते थांबले. "पन बोलावलं की येतो हा मानूस. माझी बायकू गेली तवा त्याला सांगायचं आमी इसरलो. तरी उन्हात सायकल हानत आला."

हे मी विसरलो होतो. तेव्हा माइक नव्हता. मी मागे उभा राहिलो होतो आणि तसाच परत गेलो होतो.

"बोलला न्हाई," थोरले म्हणाले, "म्हनून लई बरं वाटलं."

"शिवला," कुणीतरी म्हणालं. सगळे तिकडे वळले. कावळा घास घेऊन उडालाही होता.

पायरी तापली होती, बूड भाजत होतं, तरी मला उठावंसं वाटेना. थोरल्यांनी काठीने माझा गुडघा ढोसला.

"चला जेवायला. गपगुमान जेवा."

चष्मा खिशात घालायचं राहूनच गेलं.