रेमिहियाबाईंचा निळा स्वेटर

कोचाबांबा शहराच्या कचराडेपोवर वीस वर्षं बाटल्या वेचणाऱ्या रेमिहियाबाईंना प्रयोगशाळेत काम मिळालं, तेव्हा कळकट कपड्यांत जाणं बरं दिसेना म्हणून त्यांनी खास निळा स्वेटर घेतला. डेपोतली माती मिठाच्या पाण्यात ढवळायची आणि वर तरंगलेलं बारीक प्लास्टिक सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, हे त्यांनी दोन वर्षं मोठ्या निष्ठेनं केलं. या मोजणीच्या अहवालाच्या जोरावरच डेपोचं काळं पाणी गावच्या ओढ्यात सोडणं थांबणार होतं.

कोर्टातल्या सुनावणीच्या आठवडाभर आधी प्रयोगशाळेची प्रमुख डॉक्टर योवाना म्हणाली, "मावशी, प्रत्येक नमुन्यात निळे धागे आहेत. स्वेटर कशाचा तुमचा?"

"अस्सल लोकरीचा. बाजारवालीनं आईची शपथ घेतलीय."

योवानानं त्यातला एक धागा तापल्या सुईला टेकवला. लोकर असती तर जळली असती; तो प्लास्टिकसारखा वितळून गोळा झाला.

"म्हणजे दोन वर्षं मी स्वतःलाच मोजत बसले होय?"

"थोडं तुम्हाला, थोडं कचऱ्याला. पण आता आपल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?"

अहवाल मागे घेतला गेला. रेमिहियाबाई आता सुती झगा घालून पहिल्या नमुन्यापासून मोजतायत. घरी मात्र ओढा टाळून लांबच्या वाटेनं जातात. ओढ्यावरच्या बायका भेटल्या की "पाणी कधी गं सुधारणार?" असं विचारतात, आणि चूक आपली होती हे रेमिहियाबाईंच्या तोंडून अजून निघालेलं नाही.