खिडकीची कडी
परवा मंचरच्या बाजारात एका दुकानाबाहेर कुत्र्यांची मान वाचावी म्हणून गळ्यात घालायचे खिळ्यांचे पट्टे टांगलेले दिसले आणि जुन्नरकडच्या उसातल्या एका घरातली दुपार आठवली. एका जुन्या विलायती कादंबरीवरून आम्ही मित्रमंडळी पदरमोड करून रक्तपिपासू पिशाच्चाचा सिनेमा करत होतो. खिडकीबाहेर काळी ताडपत्री ताणून भरदुपारी रात्र केली होती, आणि खोलीत सारवलेल्या जमिनीचा नि तापलेल्या दिव्यांचा वास कोंडला होता. मी नायिका, मान उघडी टाकून खाटेवर झोपलेली. घरची मालकीणच मोलकरणीचं काम करत होती. तिनं मला पांघरूण घालायचं, खिडकी उघडी ठेवून निघून जायचं, मग पिशाच्च आत येणार, एवढाच प्रसंग. पण दर वेळी जाता जाता ती खिडकी लोटून कडी घालायची. "मावशी, उघडी ठेवा हो!" दिग्दर्शक वैतागून म्हणायचा. "ठेवते की," म्हणायची, आणि पुन्हा कडी वाजायची. शेवटी ती खाली बसली. "भाऊ, मला न्हाई जमायचं. जावेची पोर बिबट्यानं अंगणातनं नेली, अशीच निजली व्हती. हिची मान उघडी, अन् मी खिडकी उघडी टाकून जाऊ व्हय?" दिग्दर्शक म्हणाला, "राहू द्या कडी." कादंबरी वाचलेले लोक अजून मला विचारतात, तुमचं पिशाच्च बंद खिडकीपाशी येऊन मुकाट माघारी का जातं? मी हसते. आत झोपलेली मी होते. ते का गेलं, मला ठाऊक आहे.